सुपडाचा उजवा हात

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. त्यामुळे आता मी सांगतेय म्हटल्यावर हसा खुशाल...

मी बुलढाण्यात चित्रकला शिकवते आणि घरी छापचित्रं करते. मेझोटिंट माझा आवडता प्रकार. यात तांब्याचा पत्रा आधी दातेरी हत्याराने पूर्ण खरबरीत करतात — तसाच शाई लावून छापला तर कागद काळाकुट्ट. मग जिथे उजेड हवा, तेवढंच घासून गुळगुळीत करायचं. ज्याला घासलं नाही तो अंधारात राहतो.

दुसरबीडकडच्या एका जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीचे, मालक प्रकाशशेठ जुना ग्रुप फोटो घेऊन आले. बीटी कापूस आल्यापासून त्यांचं जिनिंग जोरात होतं. त्या वर्षी बोंडअळीने शेतकरी रडत होते आणि यांना ऑफिसात आजोबांचं चित्र लावायचं होतं! फोटोत आजोबा खुर्चीवर, मुनीम मागे उभे आणि पायाशी जमिनीवर एक मजूर. त्याची उजवी बाही रिकामी.

"हा सुपडा. आमच्याच जिनिंगमंधी हात गेला त्याचा," शेठ म्हणाले. "त्याले काळ्यातच राहू द्या मॅडम. आजोबाले उजळा."

संताप आला. पण फोटो त्यांचा, आजोबा त्यांचे.

पहिला छाप काढला, तर आजोबांचा उजवा हात खांद्यापासून काळा! पत्रा पाहिला — घासलेली जागा पुन्हा खरबरीत. परत घासली, परत तेच. शेवटी शेठना बोलावलं.

ते भर दुपारी आले आणि भडकलेच. "तुम्हाले जमून नाही राह्यलं, द्या इकडे!" म्हणत त्यांनी स्वतः तो हात घासला. मी शाई लावली, पत्र्यावर ओला कागद अंथरला आणि प्रेसचं चाक धरलं. ते हाताने फिरवलं की पत्रा जड रुळाखालून सरकतो, सोडलं की चाक थांबतं. कागदाला सुरकुती पडली म्हणून शेठनी उजवा हात पुढे केला. मी चाक सोडलं...

आणि चाक फिरलं. बोटं रुळाखाली गेली, मग मनगट. मी दोन्ही हातांनी चाक मागे ओढत होते, पण ते पुढेच जात होतं. हाडं कडाकड मोडत होती, फरशीवर रक्ताचं थारोळं...

"काऊन फिरवून राह्यल्या! थांबवा ना!" शेठ किंचाळत होते.

मी फिरवत नव्हते हो!

खांद्याशी आल्यावर चाक आपोआप थांबलं. हात कापावा लागला. शेठनी पोलिसांत माझं नाव दिलं.

तो छाप मी नंतर रुळापलीकडून उचलला. आजोबा पूर्ण काळे. मी कधी घासलाच नव्हता तो सुपडा मात्र लख्ख उजळ, आणि रिकाम्या बाहीतून उजवा हात बाहेर आलेला. मूठ आवळलेली — मी चाक धरते, अगदी तशी.

माझ्याकडे एवढाच पुरावा होता. जमादारांपुढे ठेवला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला.

"मॅडम," ते म्हणाले, "हे चित्र तं तुम्हीच काढलं ना?"