बदकाचा विसावा

माझा आवाज मोठा आहे, हे मला कुणी सांगायला नको. आमच्या लाँड्रीत मोठाली यंत्रं दिवसभर घरघरत असतात. त्यांच्यावर आवाज चढवून बोलायची सवय लागली ती लागलीच. फोनवर बोलले तर पलीकडचा म्हणतो, अहो, फोन ठेवा, तसंही ऐकू येतंय. म्हणूनच माझ्या ताईच्या घरी वर्षातले काही आठवडे मला चक्क बंदी असायची. माझी सख्खी बहीण तोंडावर सांगायची, "विसावा सुरू झालाय गं. तू येऊ नकोस." मी म्हणायचे, "बरं बाई. तुझ्या बदकाला माझी नजर नको लागायला." आणि जायचे नाही.

बदक म्हणजे माझी भाची. पोहायची ती. नुसती पोहायची म्हटलं तर तिच्यावर अन्याय होईल, देशातल्या पहिल्या चार-पाच मुलींत होती. पाण्यात असली की बघत राहावं, आणि जमिनीवर मात्र पाय फाकवून अशी डुलत चालायची की लहानपणीच मी तिला बदक म्हणायला लागले. ती कधी चिडली नाही. पुढे मुलं तिच्या सह्या घ्यायला लागली, तेव्हा सहीखाली एक बदक काढून द्यायची. हसरी पोर होती हो. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर ज्यांनी तिला पाहिलं त्यांना ते खरं वाटत नाही.

तर विसावा. मोठ्या स्पर्धेच्या आधी दोन-तीन आठवडे तिला पोहणं शिकवणारे सर तिचा सराव एकदम कमी करायचे. वर्षभर राबलेल्या अंगाला आराम, म्हणजे ऐन शर्यतीत ते ताजंतवानं. पण गंमत अशी, की राबायची सवय झालेल्या अंगाला आराम सोसत नाही. या दिवसांत भाची दिवसदिवस झोपायची, उगाच रडायची, काही विचारलं की अंगावर यायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ताई घाबरली. सरांनी तिला आणि भावोजींना बसवून समजावलं, "हे सगळ्यांचं होतं. काही विचारू नका, समजावू नका, जवळ जाऊ नका. घर शांत ठेवा. पाण्यात उडी मारली की आपोआप ठीक होईल." आणि खरंच झालं. ती स्पर्धा तिनं जिंकली, आणि त्याच संध्याकाळी आईच्या गळ्यात पडून मनसोक्त हसली.

झालं! भावोजींनी ते वाक्य डोक्यात पक्कं बसवलं. भावोजी वीज कार्यालयात मीटरचं काम बघायचे, नियम म्हणजे नियम असा माणूस. विसावा लागला की दारावरची घंटा ते स्वतः काढून ठेवायचे. टीव्हीचा आवाज बंद, नुसती चित्रं हलायची. पाहुणे दारातूनच परत. जेवणाचं ताट भाचीच्या खोलीबाहेर स्टुलावर, आणि रिकामं ताट तिथूनच उचलायचं. ताई आणि भावोजी आपसातसुद्धा खुणांनी बोलायचे. मी चेष्टा करायचे, "तुमच्या घरात काय, उंदीरसुद्धा पाय पुसून येत असतील." पण दर वर्षी तेच केलं आणि दर वर्षी ते लागू पडलं. मग कोण शहाणा ते बदलणार?

पुढे खांद्यानं दगा दिला. शस्त्रक्रिया झाली, परत उभी राहिली, परत निवड चाचणीला गेली आणि अगदी थोडक्यात हुकली. त्यानंतर एक दिवस जेवताना तिनं सांगितलं, "मी पोहणं सोडलं." ताईनं मला नंतर सांगितलं, भावोजी एवढंच म्हणाले, "बरं. थोडी विश्रांती घे." भाची उठली, खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपली. तिसऱ्या दिवशी रडली. ताईनं काही विचारलं तर वसकन अंगावर आली.

आणि माझ्या शहाण्या बहिणीला नि मेव्हण्याला ते सगळं ओळखीचं वाटलं! भावोजींनी घंटा काढून ठेवली. टीव्हीचा आवाज गेला. ताट स्टुलावर आलं.

आठवडे गेले, महिने गेले. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले, दोन्ही वेळा ताईनं दाराच्या फटीतूनच कुजबुजत वाटेला लावलं, "झोपलीय गं. होईल ठीक. या वेळी विसावा जरा लांबलाय." मी म्हटलं, "अगं, पोहायचं सोडलंय ना तिनं?" तर म्हणते, "हो, पण अंगाला सवय आहे ना." आता यावर काय बोलणार? डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

तिसऱ्या वेळी माझा संयम संपला. ताईकडचे मोठे कपडे धुवायला माझ्याकडेच येतात. कितीतरी आठवड्यांत भाचीच्या खोलीतली चादर आलेली नव्हती. ताईला फोन केला तर म्हणाली, "ती बदलू देत नाही. जाऊ दे, कशाला तिला त्रास द्यायचा." मी कामावरच्या बाईला यंत्रं बघायला सांगितली आणि तशीच, अंगावरचा ओला एप्रन न काढता, निघाले. ताई दारात आडवी उभी राहिली. मी म्हटलं, "सरक. आज तुझी बंदी गेली खड्ड्यात." आणि भाचीच्या खोलीसमोर उभी राहून माझ्या ठेवणीतल्या आवाजात ओरडले, "ए बदका! जिवंत आहेस की नाही?"

 मी दार ढकललं. कडी नव्हती हो. दार नुसतं लोटलेलं होतं. इतके महिने कुणीही ढकललं असतं तरी उघडलं असतं.

पलंगावर बसली होती. ज्या खांद्यांत माझ्या मापाची दोन माणसं मावली असती, ते खांदे असे खाली उतरलेले. केसांच्या जटा. खोलीला कोंदट वास.  मी रडायच्या बेतात होते, पण तीच म्हणाली, "मावशी, तू ओरडलीस?" मी म्हटलं, "मग काय गाणं म्हणू?" तर ती रडायलाच लागली, आणि रडता रडता म्हणाली, "कुणीतरी ओरडलं बाई एकदाचं." मी तिला पोटाशी धरलं, ओल्या एप्रनसकट. मलाही मग आवरलं नाही.

त्याच आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेलं, मनाच्या. भावोजी आधी तयार नव्हते. शेवटी आले, पण आत शिरल्यापासून स्पष्टीकरणं सुरू. विसावा म्हणजे काय, घर कसं शांत ठेवतो, दर वेळी ती कशी आपोआप बरी होते, सगळं अगदी क्रमानं सांगितलं. डॉक्टरीणबाई वयानं लहान, शांतपणे ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काका, विसावा स्पर्धेच्या आधी असतो ना?"

"हो, अर्थात."

"मग हा कोणत्या स्पर्धेच्या आधीचा?"

भावोजी बोटांवर महिने मोजायला लागले आणि मध्येच थांबले. माझा जो काही राग होता तो त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे. घरी परतताना ते रस्त्याच्या कडेला थांबून बुटाची नाडी बांधत राहिले. नाडी सुटलेली नव्हती. डोळे पुसत होते ते.

औषधं सुरू झाली, दर आठवड्याला डॉक्टरीणबाईंशी बोलणं सुरू झालं. हळूहळू, फार हळूहळू, भाची माणसांत आली. भावोजींनी ओळखीनं तिला तरणतलावावर लहान मुलांना शिकवायचं काम मिळवून दिलं. एक दिवस गेली. पाण्याच्या काठावर उभी राहिली, पण पाण्यात उतरलीच नाही. मुलांचे आईबाप विचारतात, "तुम्ही त्याच ना? मग आता का नाही पोहत?" काय उत्तर देणार ती? थेट माझ्याकडे आली, लाँड्रीत, आणि चादरींच्या ढिगावर बसून राहिली. मग म्हणाली, "मावशी, इथे पहिला नंबर कुणाचा येतो?"

मी म्हटलं, "इथे? कुणाचाच नाही. डाग निघाला की संपलं."

"मग मला ठेव इथे."

मला वाटलं, चार दिवस येईल. पण राहिली. माझ्या वरच्या खोलीतच राहायला आली. लोकांची तोंडं काय कमी असतात? "पदकवाली मुलगी हॉटेलच्या चादरी धुते?" असं एका गिऱ्हाईकानं माझ्या तोंडावर म्हटलं. त्याचा कोट मी इस्त्री न करता हातात दिला आणि दुकानाबाहेरचा रस्ता दाखवला. ती कामाला चांगली आहे. इस्त्रीच्या मोठ्या रुळावर चादर सोडताना एक सुरकुती पडू देत नाही. कधीकधी ब्लीचचा डबा उघडला की तरणतलावाचा वास येतो आणि ती क्षणभर थांबते. मग नाक पुसून पुढे जाते. माझ्याशी भांडते, माझ्या आवाजाची नक्कल करते. फक्त आईशी नाही भांडत.

खरं दुखणं तेच आहे. ताई दर रविवारी येते. भाची तिला खुर्ची देते, चहा देते, "बरी आहेस ना आई?" विचारते. सगळं व्यवस्थित. ताई एकदा माझ्याजवळ म्हणाली, "माझ्याशी किती नीट बोलते गं ती. तुझ्या गिऱ्हाइकांशी बोलते तशी." आणि पदर तोंडात धरून रडली.  वाईट कुणीच वागलं नव्हतं, तेच तर वाईट. एखाद्यानं वाईट वागावं म्हणजे निदान त्याला चार शिव्या तरी घालता येतात.

गेल्या रविवारी कामाला माणूस नव्हता, म्हणून ताईनं चादरींच्या घड्या करायला हात लावला. मायलेकी समोरासमोर, चादरीची टोकं धरून. मी इस्त्री तापवत होते. ताईनं मनाचा हिय्या केला असावा. म्हणाली, "माझ्यावर रागावलीयस का गं तू?"

"नाही आई."

"मग?"

भाचीनं चादर झटकली, घडी जुळवली. मग म्हणाली, "मला तेव्हा वाटायचं, मी जिंकत नाही म्हणून तुम्ही माझ्याशी बोलणं सोडलंत. आता कळतं, तसं नव्हतं. डॉक्टरसुद्धा सांगतात. पण ते दिवस आठवले की त्यांत तू कुठेच दिसत नाहीस. मी खूप शोधते."

 "मी दारापाशीच असायचे," ताई म्हणाली. "रोज दुपारी. तुझे बाबा कामावर गेले की तुझ्या दाराला टेकून जमिनीवर बसायचे. तू रडलीस की मला ऐकू यायचं. संध्याकाळ झाली की उठायचे."

मला हे माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. मी इस्त्री बंद केली.

भाची आईकडे बघत राहिली. 

"नुसती खोकली असतीस ना आई," ती म्हणाली. "नुसती एकदा खोकली असतीस."

 भाचीनं ताईच्या हातातली टोकं हळूच आपल्या हातात घेतली, घडी पुरी केली, आणि पुढची चादर उचलून एक बाजू तिच्यापुढे धरली. ताईनं ती घेतली.