कंबर

खामगावच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात एक बाई दर मंगळवारी शालीची घडी खाली घेऊन, एका बाजूला कलून बसायची.

"तुमचीही कंबर का?" मी विचारलं. माझ्या कागदावर तेच लिहिलं होतं.

"सहा वर्सं मी बी कंबरच सांगे. एक्स-रे बी कमरेचेच निघाले. दुखे खाली, बसायच्या जागी, आतून." ती हसली. "इथली मॅडम म्हन्ते, आतले स्नायू आवळून गेले, श्वास घेऊन सैल सोडा. पन मले तं लहानपनापासून सारे म्हनत, पोरी, आवरून बस. सैल सोडनं कोनी शिकोलंच नाई."

माझं नाव पुकारलं.

"कंबर कशी आहे?" मॅडमनी विचारलं.

"कंबर चांगली आहे," मी म्हणाले. "दुखतं दुसरीकडेच."