बंदुकीच्या बाजूची चिठ्ठी

मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. तरी बहारिनमध्ये तिने मला असं गाठलं, की हा किस्सा सांगताना मी आजही आधी दार लावून घेतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या मराठी मंडळाची वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, 'बंदूक बाळगणे हा नागरिकाचा हक्क असावा का?' कुणी कुठल्या बाजूने बोलायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. मला 'असावा' निघालं. मी पडलो भाषणाचा हौशी! अमेरिकेतल्या दोन नागरी हक्क संघटनांना पत्रं टाकली, आपलं साहित्य पाठवा म्हणून. खाली पत्ता कंपनीच्या पोस्ट बॉक्सचा. आम्हा सगळ्यांची पत्रं तिथेच यायची, आईचीसुद्धा.

दोन महिन्यांनी मंदूब माझ्या टेबलाशी आला. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करणारा कंपनीचा बहारिनी माणूस. आमचे पासपोर्ट त्याच्याच कपाटात असायचे. एरवी माझ्या नकला बघून तो मांडीवर थापा मारायचा. त्या सकाळी हसला नाही.

"पोस्ट में तेरा पाकिट पकडा है. अंदर क्या है?"

"कागज."

"कागज पे क्या?"

मी सांगितलं. त्याने आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू पागल है? ये दिन देखता नहीं?"

दिवस दिसत होते. सरकारविरुद्ध निदर्शनं पेटली होती. रस्त्यांवर जळके टायर, नाक्यानाक्यावर तपासणी. फोनवर माणसं वाक्य अर्धंच सोडायची. मी घरी फोन केला.

"अहो, शाकाहारावर बोलायचं सोडून बंदुका कुठून सुचल्या तुम्हाला?" बायको कडाडली. मग आवाज एकदम उतरला. "परत पाठवतील का हो आपल्याला?"

मंदूब मला सरकारी कचेरीत घेऊन गेला. तिथल्या एसीतही मी घामाने भिजलो होतो. अधिकाऱ्याने पाकीट कापलं. पहिल्याच पुस्तिकेवर हे एवढं पिस्तूल! त्याने सावकाश पानं उलटली. तो शांतपणे इंग्रजीत विचारत होता.

"तुझ्याकडे बंदूक आहे?"

"नाही, सर."

"हवी आहे?"

"नाही, सर!"

"मग हे कशाला?"

मी चिठ्ठीची पद्धत सांगितली.

"म्हणजे जे तुला पटत नाही, ते तू लोकांना पटवणार?"

"हो, सर."

"का?"

"पहिल्या नंबराला थर्मास आहे, सर."

शेजारी बसलेला मंदूब आपल्या चपलांकडे बघत राहिला. अधिकारी हसला नाही. त्याने दुसऱ्या संघटनेची पुस्तिका उघडली. एक म्हणत होती, बंदूक हा ज्याचा त्याचा हक्क. दुसरी म्हणत होती, असा हक्कच नाही. दोन्ही स्वातंत्र्याच्याच नावाने बोलत होत्या. त्याने दोन्ही माझ्यापुढे सरकवल्या.

"यातलं खरं काय?"

माझं आठ मिनिटांचं भाषण तोंडपाठ होतं, हातवाऱ्यांसकट. तोंडातून एवढंच निघालं, "माहीत नाही, सर."

पाकीट त्याने ठेवून घेतलं आणि अरबीतला एक कागद पुढे केला. मंदूबने तो वाचला. "साइन कर. यल्ला, जल्दी."

गाडीत मी विचारलं, "मी कशावर सही केली?"

"इंशाल्ला, किसी पे नहीं," तो म्हणाला आणि त्याने रेडिओ मोठा केला.

स्पर्धेच्या दिवशी माझा घसा बसला. तसं मी कळवलं तरी. थर्मास 'नसावा'वाल्यांकडे गेला. पुढे कित्येक महिने जिन्यात पावलं वाजली की बायको माझ्याकडे आणि मी कडीकडे बघायचो.

मग व्हिसा रिन्यू करायची वेळ आली. मंदूब पासपोर्ट घेऊन गेला, आणि चार दिवस मी त्याच्या टेबलाशी चकरा मारल्या. पाचव्या दिवशी त्याने पासपोर्ट माझ्या टेबलावर टाकला.

"क्या रे, थर्मास मिला?" असं म्हणून त्याने मांडीवर अशी थाप मारली, की अख्ख्या ऑफिसने माना वळवल्या.

मीही हसलो. पान उघडलं. शिक्का होता. नीट दोनदा वाचतोय तोवर त्याने हात पुढे केला. मी पासपोर्ट मुकाट्याने परत दिला. त्याने तो कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली.