यंत्राला पाण्याची पाळी

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. तात्या, म्हणजे माझे वडील, धरणग्रस्तांच्या मोर्चांची पत्रकं गावोगाव वाटायचे आणि उरलेले गुलाबी-पिवळे कागद आई फळीवर अंथरायची. डाळीचा डबा उचलला की खाली ‘बांधवांनो, जागे व्हा’ दिसायचं. आमचं जुनं गाव पळसदेवच्या अंगाचं, उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं. तिथून मेंढरं हाकत निघालेलं आमचं घर कळसच्या शिवारात आलं आणि शेतीला लागलं. हे मला ठाऊक होतं ते त्या कागदांतून. त्यांत सगळीकडे ‘आम्ही’ होतं. तात्यांचा ‘मी’ कुठेच नव्हता, आणि घरात ते त्या विषयावर अवाक्षर बोलत नसत.

मला एकच माणूस बोलतोय असं पत्रक काढायचं होतं. मागण्या नकोत, घोषणा नकोत. पाणी आलं तेव्हा एका माणसाने काय पाहिलं, एवढंच, त्याच्याच शब्दांत. छापखान्यात अक्षरं जुळवताना कडक शब्द परस्पर मवाळ व्हायचे, याचा मला संताप होता. म्हणून मजकूर घरीच तयार करायचा ठरवलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बारामतीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लासने टाकून दिलेले भाग गोळा करून मी घरच्या पत्र्याच्या खोलीत कॉम्प्युटर उभा केला आणि तात्यांच्या मागे लागले. महिनाभर त्यांनी दाद दिली नाही. मग एका रविवारी जेवण झाल्यावर ते आपणहून येऊन पोत्यावर बसले.

“लिही,” म्हणाले. “पर मधी मधी इचारायचं न्हाय.”

अडचण वेळेची होती. तात्या बोलणार ते फक्त भर दुपारी, कारण उन्हामुळे तेव्हाच त्यांचे हात रिकामे असत. आणि चैत्रातल्या दुपारी त्या पत्र्याखाली प्रोसेसर असा तापायचा की पडदा गोठून जायचा. वाक्य अर्धं राहायचं. मी मशीन बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत तात्या उठून बैलांना पाणी दाखवायला गेलेले असत. मोठा पंखा लावून पाहिला, तो गरम वाराच फेकत होता.

क्लासमधल्या सहकाऱ्याने एका परदेशी मासिकातला फोटो दाखवला. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा आणि त्यातून फिरणारं पाणी. तसं इथे काही मिळणार नव्हतं. पण इंदापुरात फ्रिज दुरुस्त करणारा एक जण होता. त्याने तांब्याच्या जाड पट्टीवर फ्रिजची नळी नागमोडी वाकवून कथलाचा डाग देऊन बसवली. कूलरचा पंप बादलीत सोडला, भंगारातून एका जीपचा छोटा रेडिएटर आणला, आणि नळ्या आमच्याच डाळिंबाच्या ठिबकच्या, काळ्या. जोडही ठिबकचेच. पंप आणि कॉम्प्युटर एकाच बटणावर घेतले, म्हणजे पाणी बंद आणि मशीन चालू असं कधी व्हायला नको.

तात्या दारात उभे राहून बघत होते.

“मानसांस्नी न्हाय पानी, आन् तुज्या यंत्राला पाळी लावलीस व्हय गं?”

“तात्या, तेच पाणी फिरून येतं. एक बादली, बास.”

“कॅनॉलच्या शेवटाला, टेलच्या मानसाला बी असंच सांगत्यात. फिरून यील म्हनून.” ते हसले. मी त्यांना त्या खोलीत हसताना तेव्हाच पाहिलं.

मशीन चाललं. पुढचे काही रविवार मी आयुष्यभर जपावेत असे होते. तात्या भिंतीकडे तोंड करून बोलायचे आणि मी न थांबता टाइप करायचे. बाजाराचा दिवस, देवळाच्या पायऱ्या, कुणाच्या वाड्यात कुणाचं वैर. हा पहिला भाग मी फ्लॉपीवर घालून बारामतीला नेला आणि तपासायला कच्चा छापून आणला. दरम्यान ते पाण्यापर्यंत आले. आधी विहिरींचं पाणी वर आलं, मग ओढा उलटा वाहू लागला. मेंढरं नेहमीच्या वाटेने निघाली, पाणी दिसलं तिथे थांबली आणि मागे वळेनात. इथे तात्यांचा आवाज बदलला. ते म्हणाले, “येक मेंढी...” आणि पडदा गोठला.

मी बादलीत पाहिलं. परत येणारी धार करंगळीएवढीही नव्हती. आमचं बोअरचं पाणी खारं, घागरीच्या आत बोटाने खरवडता येईल असा पांढरा थर धरणारं. तोच थर तांब्याच्या नळीत बसला होता.

“पुढच्या रविवारी,” मी म्हटलं. “मी बारामतीहून बाटलीतलं पाणी आणते, बॅटरीत घालतात ते.”

“पुढच्या रईवारी,” तात्या म्हणाले. पण ते उठले नाहीत. बराच वेळ त्या नळ्यांकडे बघत बसले.

आठवड्यात एका संध्याकाळी मी एसटीतून उतरून घरी आले तर अंगणातच वास आला. तो वास आमच्याकडे ठिबक असणाऱ्या कुणालाही कळतो. नळ्यांत क्षार धरला की त्यांतून ॲसिड सोडतात, थोडा वेळ तसंच ठेवतात आणि मग पाण्याने धुऊन काढतात. तात्या उंबऱ्यावर बसले होते.

“तुज्या नळ्यात पांढरं बसलं व्हतं,” ते म्हणाले. “डाळिंबाला देतो तेवढंच दिलं. थोडं कमीच.”

ठिबकची नळी प्लास्टिकची असते, तिला ॲसिडने काही होत नाही. इथे तांब्याला दिलेले डाग होते. ते खाल्ले गेले. पंप चालवायला तात्यांनी बटण दाबलं, त्यासरशी कॉम्प्युटरही चालू झाला आणि ॲसिडचं पाणी थेट त्याच्यात उतरलं. पाण्याचा भाग फक्त हार्ड डिस्कवर होता; ती बारामतीत दोन ठिकाणी दाखवली. दोघांनीही ती हातात घेऊन परत दिली.

ओरडायला माझ्याकडे कारण नव्हतं. त्यांना ते वाक्य पुरं करायचं होतं, म्हणून त्यांनी ते केलं होतं.

क्लासमध्ये सगळ्यांनी सांगितलं, तुला आठवतंय ना, तूच लिही. मला आठवत होतं. पण मी लिहिलं असतं तर ती माझी भाषा झाली असती, माझा राग झाला असता, आणि तसली पत्रकं आमच्या फळीवर पुष्कळ होती. मी वही घेऊन तात्यांसमोर बसले. दोन-तीन रविवार बसले.

“सांगितलं की येकदा,” ते म्हणाले. “सारकं सारकं न्हाय निगत ते.”

त्या मेंढीचं काय झालं ते मला आजही माहीत नाही.

फ्लॉपीवर होतं तेवढं मी छापलं. त्यात बाजार आहे, देऊळ आहे, भांडणं आहेत, आणि शेवटच्या ओळीत विहिरीला पाणी भरपूर आहे. अर्धं पत्रक काढणं मला पटत नव्हतं, अजूनही पटत नाही. गाव कसं सुखात होतं हे वाचून कुणाचीच झोप उडत नाही.

बावडा गावच्या आठवडी बाजारात ते वाटायला तात्या माझ्यासोबत आले. कागद हातात घेऊन एका म्हाताऱ्याने तो शेवटपर्यंत वाचला, उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

“आन् पुढं काय, रं?” त्याने तात्यांना विचारलं.

“पुढं पानी आलं,” तात्या म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या माणसासमोर कागद धरला.