मी शुद्ध केलेली कादंबरी

माझ्या नवऱ्यालाही हे माहीत नव्हतं, आणि त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. बहिणीला सांगावं असं दोनदा मनात आलं — दोन्ही वेळा मीच विषय बदलला. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर म्हणाला असता, छे, बाई असं काही करणार नाहीत.

बाई म्हणजे मी. लग्न होऊन पुण्याहून हैदराबादला आले आणि जामबागच्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवली. इथल्या मुलांची मराठी म्हणजे — हौ, नक्को, होना, मध्येच तेलुगू. माझं डोकं फिरायचं. कोणी तसं बोललं की मी म्हणायचे, "पुन्हा बोल. नीट बोल." नीट बोलेपर्यंत खाली बसू द्यायचे नाही. यात काही वाईट आहे असं तेव्हा वाटलं नाही. आजही पुरतं वाटत नाही — खोटं कशाला बोलू?

त्या मुलांतलाच एक गोविंद. मोठा होऊन सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून झाला. मी निवृत्त झाल्यावर एक दिवस घरी आला, हातात चार जाड वह्या. कादंबरी लिहिली होती, विज्ञानाची. ड्यूटी सांभाळून सात वर्षं. पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवायची होती. म्हणाला, "बाई, तुम्ही एकदा हात फिरवला ना, बस्. मग मला काही परेशानी नाही."

मला काय वाटलं असेल? हसू आलं. ज्याला शाळेत कधी "हवं" म्हणता आलं नाही, तो कादंबरीकार!

गोष्ट अशी होती. पुढच्या काळातलं, बीदरच्या वाटेवरचं एक छोटं गाव. तलाव आटलेला, बाजार बंद पडलेला, तरणी माणसं निघून गेलेली. गावात पाणी देणारं एकच यंत्र, आणि त्याच्यापुढे उभं राहून तोंडाने पाणी मागायचं. पहिल्याच प्रकरणात एक म्हातारी घागर घेऊन येते आणि म्हणते, "मला पाणी होना बाबा." यंत्र म्हणतं, मागणी समजली नाही.

मी "होना" खोडलं. वर लाल शाईने लिहिलं, "मला पाणी हवे आहे."

असंच करत गेले. रोज दुपारी जेवण झाल्यावर पाच पानं. गोष्ट मी वाचतच नव्हते हो — चुका वाचत होते. दोन वह्या झाल्यावर त्यांची टाइप केलेली पानं घेऊन गोविंद आला. जरा घुटमळला. "बाई, म्हातारी अशी बोलंल का?"

मी म्हटलं, छापील पुस्तकात असंच बोलतात.

"हौ बाई," तो म्हणाला. "तुम्हाला जास्त समजतं."

इथपर्यंत माझा अडाणीपणा होता. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

तिसऱ्या वहीत ती म्हातारी तहानेने मरते, यंत्रासमोरच. तिचा शेजारी गावाला ओरडून सांगतो की या यंत्राला फक्त पुस्तकातली भाषा येते, आपली भाषा त्याला कोणी शिकवलीच नाही. माझं पेन थांबलं. सगळी कादंबरी त्या माणसांच्या बोलण्यावर उभी होती, आणि ते बोलणं मी अडीच वह्यांतून वेचून काढून टाकलं होतं. माझी म्हातारी शुद्ध मराठीत पाणी मागत होती आणि तरी यंत्राला ते कळत नव्हतं. अर्थाचा अनर्थ म्हणतात तो हाच.

म्हणजे — मला कळलं होतं. अर्ध्या वाटेवरच कळलं होतं.

त्याच पानावर यंत्र म्हातारीला म्हणत होतं, "पुन्हा बोला. नीट बोला." त्याने मुद्दाम लिहिलं होतं का? कोण जाणे. कदाचित त्याच्या नकळत आलं असेल. पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी? मी ते यंत्र? राग आला, आणि रागाच्या खाली लाज होती, ती मी वर येऊ दिली नाही. फोन करून एवढंच म्हणायचं होतं — गोविंद, माझं चुकलं, खोडलेलं सगळं परत घाल. तेवढं एक वाक्य. केला का फोन? मी पुढचं पान उलटलं. चौथी वहीसुद्धा शेवटपर्यंत शुद्ध केली, आधीपेक्षा बारकाईने. आणि शेजाऱ्याचं ते ओरडणं — तेही खोडलं. समासात लिहिलं, "अनावश्यक".

प्रकाशकाचं पत्र बऱ्याच दिवसांनी आलं. भाषा निर्दोष आहे, पण यंत्राला माणसांचं बोलणं का समजत नाही याचा उलगडा होत नाही, सबब स्वीकारता येत नाही. गोविंद ते घेऊन माझ्याकडेच आला. भाषा निर्दोष म्हटल्याचा त्याला आनंद झाला होता, कल्पना करा. मग म्हणाला, "गोष्टच जमली नाही बाई. माझ्यात ते नाहीच काय की."

तेव्हा तरी बोलता आलं असतं. मी चहा टाकला. म्हटलं, विज्ञानकथा सोपी नसते रे.

वह्या त्याने सुलतान बाजारात रद्दीला दिल्या. त्याच्या हातचं मूळ असं आता कुठेच नाही. नंतर त्याने काही लिहिलं नाही. माझ्याशी बोलताना मात्र एकेक शब्द तोलून बोलतो, चुकलं तर थांबून स्वतःच दुरुस्त करतो. ते ऐकवत नाही मला. पण मी ऐकते.

गेल्या दसऱ्याला सोनं द्यायला आला. बरोबर त्याची कॉलेजात जाणारी मुलगी होती, तिला मराठी वाचता येत नाही. तिला म्हणाला, "या माझ्या बाई. माझ्या पुस्तकासाठी यांनी चार महिने मेहनत घेतली." मुलगी पाया पडायला वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "असू दे गं, माझं कर्तव्यच होतं ते."