यंदा मूर्ती कुणी उचलली

माझे सासरे, म्हणजे बाबा, निवृत्त तहसीलदार. कित्येक निवडणुकांची मतमोजणी त्यांच्या देखरेखीखाली झाली. ते आणि त्यांचे मोठे भाऊ, आमचे थोरले काका, जन्मभर एकाच पक्षाचे. पक्ष हरला तेव्हा काका म्हणाले, "मोजणीत घोटाळा होतो असं तू जाहीर सांग. तुझं लोक ऐकतील." बाबांनी साफ नकार दिला. गद्दारांनी घरच्या गणपतीला येऊ नये, असा काकांचा निरोप आला. दरवर्षी विसर्जनाला मूर्ती उचलायचे ते बाबाच. काकांचा मला अजून राग येतो.

मग बाबा आमच्याकडे जर्मनीत, बॉनला आले. इथे मतमोजणी कुणालाही पाहता येते. मतदानाच्या संध्याकाळी शाळेत ते मागच्या बाकावर ताठ बसून मतपत्रिकांचे गठ्ठे बघत राहिले. परतताना ट्राममध्ये म्हणाले, "चोख काम." उतरता उतरता विचारलं, "यंदा मूर्ती कुणी उचलली असेल गं?"