डर्बीशायरचा राजपलंग आणि आमची बैठक

मार्चमध्ये ह्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि जिना बंद झाला. पलंग खाली बैठकीत आणू या म्हटलं, तर हे आमचे डॉक्टरसाहेबच अडून बसले. "लोक येतात-जातात तिथे मी आडवा पडू? त्यापेक्षा नर्सिंग होममध्ये टाक." मग रात्री खुर्चीतच. पाय सुजले, झोप नाही. जन्मभर पेशंटना दटावलं, पण स्वतः ऐकायचं म्हणजे संपलं.

जूनमध्ये मी जाहीर केलं, "शनिवारी डर्बीशायर. कुढायचंच तर हवेशीर जागी कुढा."

इंग्लंडात आम्ही राहतो त्या लेस्टरहून एम-वन मोटरवेने निघालात की शेवटचे काही मैल अरुंद रस्ता आहे. दोन्हीकडे दगडी कुंपणं, मेंढ्या. समोर ट्रॅक्टर आला तर गाडी मागे घ्यायची तयारी ठेवा. आधी फोन केला तर तिथल्या जुन्या सरदारी हवेलीच्या दारापर्यंत गाडी नेऊ देतात, व्हीलचेअरही देतात. टीरूमचं सूप चांगलं, सँडविच महाग. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या.

बघायचा तो राजाच्या मुक्कामासाठी केलेला पलंग. सुदैवाने तळमजल्यावर आहे. रेशमाचा रंग उडू नये म्हणून दालनात अंधार असतो. दारात जरा थांबा. मग दिसतं छताला भिडलेलं छत्र, कोपऱ्यांवर शहामृगाच्या पिसांचे तुरे, किरमिजी पडदे, जरीची झालर. पुढे गाभाऱ्यासमोर असतो तसा कठडा.

"बूट काढायचे का गं?"

"पलंग आहे तो, देव नाही."

तिथल्या गाइडबाईंना मी ते इंग्रजीत सांगितलं, तशा त्या हसल्या. म्हणाल्या, असा पलंग नुसता झोपायला नसे. राजा त्यावर असताना मानकरी भेटायला येत. बाकीचे कठड्याबाहेर, मर्जीतले तेवढे आत.

"म्हणजे भेटीगाठी पलंगापाशीच?" ह्यांनी विचारलं.

"अर्थात! तिथवर पोचणं हाच मान."

ह्यांनी मग त्यांना इतकं विचारलं, की मागची मंडळी खोळंबली.

परतताना मोटरवे लागला. तसं ह्यांनी एकदम विचारलं, "सोफा कुठे हलवणार?"

"मागच्या खोलीत."

"डोकं उत्तरेला नको हं. आणि दार दिसलं पाहिजे."

रविवारी मुलाने पलंग खाली आणला. मी आडोशाला पडदा लावायला घेतला, तर "काढ तो" म्हणाले. उशाशी मी दोन खुर्च्या ठेवल्या.

"अजून एक आण."

"तिसरी कोणाला?"

"कुलकर्णी येतोय बायकोला घेऊन. मीच बोलावलंय. तू काय उभी राहणार आहेस?"